केळं ही 'बेरी', पण स्ट्रॉबेरी नाही! थापा वाटाव्यात अशा, पण खऱ्या असलेल्या काही गोष्टी

मंडळी, 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी सुरुवात असलेला मेसेज आला की ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी डोळे झाकून पुढे ढकलते, दुसरी डोळे झाकून "फेकू नका" म्हणते. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच अजब गोष्टी खऱ्या असतात आणि अगदी साध्यासुध्या, पटतील अशा वाटणाऱ्या गोष्टी मात्र सपशेल खोट्या निघतात. आणि खऱ्या असल्या तरी मेसेज एका ओळीतच संपतो. "असं का?" हे कुणी सांगतच नाही, आणि खरी मजा तर त्यातच असते. म्हणून आज थोड्या वेगवेगळ्या विषयांतल्या गोष्टी घेऊया, कारणासकट.

फळांचा गोंधळ

सुरुवात केळ्यापासून. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत 'बेरी' म्हणजे फुलातल्या एकाच अंडाशयापासून तयार झालेलं आणि गरात बिया असलेलं फळ. या व्याख्येत द्राक्ष बसतं, टोमॅटो बसतो, वांगं बसतं, मिरची बसते आणि आपलं केळंही बसतं. आपण खातो त्या केळ्यात बिया कुठे असतात, असं विचाराल. केळं आडवं कापलं की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात ना, त्या वाढ न झालेल्या बिया. रानटी केळ्यात चांगल्या टणक बिया असतात, माणसाने निवडून निवडून बिनबियांची जात जपली.

मग स्ट्रॉबेरी का नाही? कारण आपण जो लाल गर खातो तो मुळात फळच नाही. फुलाच्या तळाशी जो भाग असतो तोच फुगून गरदार होतो. आणि वर ज्या 'बिया' चिकटलेल्या दिसतात, त्यातली प्रत्येक बी म्हणजे एक स्वतंत्र, छोटंसं, सुकं फळ आहे. म्हणजे महाबळेश्वरला जाऊन तुम्ही एक स्ट्रॉबेरी खाल्लीत तर शास्त्राच्या हिशेबाने शे-दोनशे फळं खाल्लीत.

हा प्रकार कोकणातल्या माणसाला नवीन वाटू नये. काजूचं बोंड बघा. पिवळं-लाल, रसाळ, फळासारखं फळ. पण तेही फळ नव्हे, तो फुगलेला देठ आहे. खरं फळ म्हणजे खाली लोंबकळणारी ती करड्या रंगाची बी, जिच्यातून काजूगर निघतो. आणि हा काजूही मूळचा आपला नाहीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. ज्या बोंडापासून फेणी होते ते फळ नाही आणि ज्या झाडाशिवाय गोवा डोळ्यांसमोर येत नाही ते झाड गोव्याचं नाही, असा डबल धक्का.

या सगळ्या व्याख्यांचा कधी पैशांशी संबंध आला का? आला, आणि थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. १८८३ च्या कायद्याप्रमाणे तिथे आयात केलेल्या भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. टोमॅटो आयात करणाऱ्या निक्स नावाच्या व्यापारी कुटुंबाने दावा ठोकला की टोमॅटो हे फळ आहे, आमचे पैसे परत करा. १८९३ मध्ये निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, शास्त्राप्रमाणे टोमॅटो फळ असेलही, पण लोक तो मुख्य जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत. तेव्हा ती भाजी. भरा कर!

तीन हृदयं आणि निळं रक्त

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन हृदयं फक्त कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. ऑक्टोपस पोहायला लागला की हे तिसरं हृदय थांबतं, त्यामुळे तो लवकर दमतो आणि शक्यतो तळावर सरपटत जाणं पसंत करतो. रक्त निळं, कारण आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं लोह असतं, त्याच्या रक्तात ते काम तांबं करतं.

"असले विचित्र प्राणी परदेशातच असायचे" असं वाटत असेल तर एक सांगतो. मालवणी खानावळीत जी म्हाकूल मसाला मागवता ना, तिलाही तीनच हृदयं असतात. खेकडा आणि कोळंबी यांच्या रक्तातही लोहाऐवजी तांबंच. चव बदलत नाही, काळजी नसावी.

याच प्राणिजगतातला आणखी एक नमुना म्हणजे ऑस्ट्रेलियातला वोम्बॅट. हा गुबगुबीत प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. होय, चक्क फाशासारख्या! बरीच वर्षं लोकांना वाटायचं की त्याचं गुदद्वारच चौकोनी असेल. तसं काही नाही. त्याच्या आतड्याचा शेवटचा भाग सगळीकडे सारखा ताणला जात नाही, काही ठिकाणी तो ताठ असतो, काही ठिकाणी सैल. मल तिथून सरकताना कोरडा होत जातो आणि त्याला कोपरे पडतात. हे शोधून काढणाऱ्या संशोधकांना २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचं 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. वोम्बॅट आपल्या लेंड्या दगडांवर, ओंडक्यांवर ठेवून हद्द दाखवतो. चौकोनी असल्यामुळे त्या गडगडत नाहीत, हा त्याचा फायदा.

वाढदिवस रोज!

शुक्र ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे २२५ दिवस लागतात. पण स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३ दिवस लागतात. म्हणजे तिथे 'दिवस' हा 'वर्षा'पेक्षा मोठा! इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर असतं. पुढचं कुणी सांगत नाही: शुक्र उलटा फिरतो. त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण ११७ दिवसच जातात. म्हणजे 'दिवस' कुठला मोजायचा त्यावर हे वाक्य खरं-खोटं ठरतं. अर्थात तिथे जाऊन सूर्योदय बघायची सोय नाहीच. ढग इतके दाट आहेत की सूर्य दिसणार नाही, आणि तापमान साडेचारशे अंशांच्या वर.

पाऊण तासाचं युद्ध

इतिहासातलं सर्वात छोटं युद्ध किती वेळ चाललं असेल? ३८ मिनिटं. काही जण ४५ म्हणतात. २७ ऑगस्ट १८९६, ठिकाण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं झांझिबार. दोन दिवस आधी तिथला सुलतान वारला आणि इंग्रजांना न विचारता खालिद बिन बरगश गादीवर बसला. इंग्रजांनी सांगितलं, सकाळी नऊपर्यंत राजवाडा सोड. नऊ वाजले, खालिद हलला नाही. नऊ वाजून दोन मिनिटांनी युद्धनौकांनी तोफा डागायला सुरुवात केली आणि पावणेदहाच्या आत सगळं संपलं.

या युद्धावर मीम खूप होतात. पण त्या पाऊण तासात झांझिबारच्या बाजूचे सुमारे ५०० माणसं मेली किंवा जखमी झाली, इंग्रजांचा एक खलाशी जखमी झाला. 'युद्ध' हा शब्दच इथे जरा जास्त होतो, असं आमचं मत. खालिद मात्र जर्मन वकिलातीत पळून वाचला. (जाता जाता: 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी याच झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मला आणि शाळेला होता आपल्या पाचगणीत.)

युद्धाचा विषय निघालाच आहे तर ऑस्ट्रेलियाचं इमू युद्धही सांगून टाकतो. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे २० हजार इमू गव्हाच्या शेतांत घुसले. शेतकरी बरेचसे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते, गव्हाचे भाव आधीच कोसळलेले. त्यांनी सरकारकडे मशीनगन मागितल्या. मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि १० हजार गोळ्या घेऊन आले. इमू लहान लहान टोळ्यांत पांगायचे, गोळी लागली तरी पळत राहायचे. शेवटी मेजरसाहेबांचा स्वतःचा हिशेब असा होता: ९,८६० गोळ्या, ९८६ इमू. एका पक्ष्यामागे बरोब्बर दहा गोळ्या, आणि हा आकडा इतका गोल आहे की शंका यावी. इमू शेतात होते तिथेच राहिले. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे इमूपालनाचं जे फॅड आलं होतं, त्यात हात पोळलेल्यांना या मेजरबद्दल नक्की सहानुभूती वाटेल.

भारतात बांगलादेश, त्यात भारत...

आता जरा सावकाश वाचा. २०१५ सालापर्यंत जगात एक जागा अशी होती जी भारताची होती, पण तिच्या चहूबाजूंनी बांगलादेशचा तुकडा होता. त्या तुकड्याच्या चहूबाजूंनी भारताचा तुकडा होता. आणि त्याच्याही चहूबाजूंनी बांगलादेश! या जागेचं नाव दहाला खगराबारी. आकार किती? जेमतेम पावणेदोन एकर, तागाचं एक शेत. घरातून निघून शेतात जायला आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची.

असे तुकडे एक-दोन नव्हते. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ आणि भारताच्या पोटात बांगलादेशचे ५१. स्थानिक लोक त्यांना 'छीटमहल' म्हणतात. कुचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावं पणाला लावायचे आणि त्यातून ही ठिगळं तयार झाली, अशी एक भारी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट म्हणून झकास आहे, पण ती दंतकथा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कुचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा काही जमीनदार एकमेकांच्या हद्दीतल्या जमिनी धरून बसले. ते कुणी निस्तरलं नाही. राजेशाही होती तोवर त्याने फारसं बिघडतही नव्हतं, लोक इकडून तिकडे जायचे. १९४७ ला फाळणी झाली, १९४९ ला कुचबिहार भारतात आलं आणि जमिनीच्या कागदावरची ती जुनी रेघ एकदम देशाची सीमा झाली.

मेसेजमध्ये ही गोष्ट इथे हसून संपते. पण त्या तुकड्यांत सुमारे ५१ हजार माणसं राहत होती. ज्या देशाचे ते नागरिक होते त्या देशाचा पोलीस, तलाठी, शिक्षक, डॉक्टर यांच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता, कारण मध्ये दुसरा देश. आणि ज्या देशाने वेढलेलं, त्याच्या लेखी ते परके. वीज नाही, रेशन नाही, मत नाही. मुलाला शाळेत घालायचं तर शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावायचं. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जायचं तर खोटा पत्ता सांगायचा.

इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ मध्येच हे तुकडे अदलाबदल करायचा करार केला होता. प्रत्यक्षात यायला ४१ वर्षं लागली. २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री १६२ तुकडे नकाशावरून गेले. राहायचं कुठे, हे लोकांना विचारलं गेलं होतं. बहुतेकांनी आपलं घर सोडलं नाही, देशच बदलून घेतला. बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यांतून जेमतेम हजारभर लोक भारतात आले. भारतातल्या बांगलादेशी तुकड्यांतून बांगलादेशात जायला कुणीच तयार झालं नाही.

एकाच काळातले लोक

शाळेत आपण एका तासाला महाराष्ट्राचा इतिहास शिकतो आणि दुसऱ्या तासाला विज्ञान, त्यामुळे डोक्यात दोन वेगळे कप्पे होतात. जरा शेजारी ठेवून बघा. शिवाजी महाराज ११ वर्षांचे असताना गॅलिलिओ वारला. न्यूटन महाराजांपेक्षा १२-१३ वर्षांनी लहान. त्याचा गतीचे नियम सांगणारा ग्रंथ १६८७ मध्ये छापून आला, तेव्हा गादीवर संभाजी महाराज होते. हार्वर्ड विद्यापीठ सुरू झालं १६३६ ला, म्हणजे शिवबा सहा वर्षांचे होते. आणि १६६८ मध्ये, महाराज आग्र्याहून सुटून आल्यावर दोन वर्षांनी, इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. आज तेवढ्यात मुंबईत महिनाभर स्कूटर लावायला तरी जागा मिळेल का, शंकाच आहे.

तसंच दुसरं: गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून झाला साडेचार हजार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा पृथ्वीवर मॅमथ जिवंत होते. सैबेरियाच्या वर रँगल नावाच्या बेटावर त्यांचा शेवटचा कळप सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकला.

आणि या थापा

खऱ्या गोष्टी इतक्या अजब असताना खोट्या कशाला लागतात, कळत नाही. पण लागतात. युनेस्कोने 'जन गण मन' जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज पंधरा वर्षांहून अधिक काळ फिरतोय. युनेस्को असली स्पर्धाच घेत नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट केलेलं आहे. चीनची भिंत अवकाशातून दिसते, हे तर पाठ्यपुस्तकांतही होतं. २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई परत आला आणि म्हणाला, मला नाही दिसली. भिंत लांब आहे, पण रुंदी काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे तिच्यापेक्षा रुंद आहे. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, हेही तसंच. २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयानेच कळवलं की कुठल्याही खेळाला राष्ट्रीय खेळ घोषित केलेलं नाही. आणि दोन हजारच्या नोटेतली ती चिप आठवते ना? नोट गेली, चिप काही सापडली नाही.

यात एक खूण दिसते. थापेच्या मागे बहुतेक वेळा मोठं नाव लावलेलं असतं, 'नासा', 'युनेस्को', 'हार्वर्डचे शास्त्रज्ञ'. खऱ्या गोष्टीला तारीख, ठिकाण आणि कारण असतं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही मेसेजमध्ये काय काय आलं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग पुन्हा ओसरला.

बांबूला फुलं आली म्हणून

शेवटची गोष्ट मिझोरामची, आणि आमच्या मते यातली सगळ्यात भारी. तिथल्या डोंगरांवर 'मौ' नावाचा बांबू आहे. तो साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, सगळीकडे एकदमच, आणि मग मरतो. फुलांनंतर पेरूएवढी फळं येतात, ढिगाने. ती खाऊन उंदीर माजतात. फळं संपली की हे लाखो उंदीर भाताच्या शेतांत आणि कणगीत घुसतात. मिझो भाषेत याला 'मौताम' म्हणतात, बांबूचा दुष्काळ. १९११ ला आला होता, १९५९ ला येणार हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं.

मिझोराम तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. तिथल्या जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच सरकारला सावध केलं. सरकारला ती आदिवासींची अंधश्रद्धा वाटली. फुलांमुळे कुठे दुष्काळ पडतो? दुष्काळ पडला. मदत पोचवण्यासाठी तरुणांनी एक संघटना काढली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट, आणि लालडेंगा तिचे पुढारी झाले. १९६१ मध्ये संघटनेच्या नावातला 'फॅमिन', म्हणजे 'दुष्काळ' हा शब्द गळला. १९६६ मध्ये तिने भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ५ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐजॉलवर हल्ला केला. पुढे वीस वर्षं संघर्ष चालला. १९८६ ला करार झाला, १९८७ ला मिझोराम राज्य झालं आणि तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. त्यांचा पक्ष अगदी २०२३ पर्यंत तिथे सत्तेत होता. मधल्या काळात २००६-०७ चा मौताम आला, तेव्हा सरकारने आधीच तयारी केली होती. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं होतं!

बांबू असं एकदम का फुलतो, याचं एक पटणारं उत्तर असं: थोड्या बिया टाकल्या तर उंदीर त्या सगळ्या फस्त करतील. एकाच वेळी डोंगरभर टाकल्या तर त्यांनी कितीही खाल्ल्या तरी काही उरतातच. हीच युक्ती आपल्या सह्याद्रीतली कारवी वापरते, फक्त तिचा हिशेब सात-आठ वर्षांचा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. ज्यांची हुकली त्यांनी २०३२ चा पावसाळा संपत आला की डोंगराकडे लक्ष ठेवावं. मिझोरामच्या बांबूला मात्र २०५४ च्या आसपासपर्यंत सवड आहे.